कुत्र्याचे इमान आणि आपली माळ



मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचे गाव आहे, हे ठाणे जिल्ह्यातील वारकऱ्यांस सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो. तेथे पौष पौर्णिमेस म्हसोबाची मोठी यात्रा भरते. बैलांचा बाजार भरतो, घोंगड्यांचे ढीग लागतात, भांड्यांची आणि मिठाईची दुकाने मांडली जातात. शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्याची वर्षाची किती तरी खरेदी याच यात्रेत होते. या गर्दीत कीर्तनसेवा करण्याचा योग आम्हांस पुष्कळदा आला आहे. अशाच एका यात्रेत आम्ही दृष्टांत म्हणून धर्मराज आणि त्याचा कुत्रा यांची कथा सांगितली. कथा रंगली. बायाबापड्यांनी डोळे पुसले. आम्हांसही मनातून बरे वाटले. खोटे कशाला बोलावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी घोंगडी घ्यावी म्हणून बाजारात हिंडत होतो. एका धनगरबाबाच्या पालापाशी थांबलो. बाबा रात्री कीर्तनाला होते. त्यांनी ओळखले, नमस्कार केला, बसावयास घोंगडी टाकली. पायाशी त्यांचा कुत्रा पहुडला होता. आम्ही आपले सहज म्हणालो, "बाबा, कुत्रा मोठा इमानी जीव!" बाबा हसले आणि म्हणाले, "त्याचं इमान हाय ते हायच की बुवा. त्याची काळजी न्हाई. आपलं त्याच्याशी किती हाय, ते बघाय पायजे." आणि जरा थांबून त्यांनी विचारले, "बुवा, राती तुम्ही सांगितलं, धर्मराजा रथात बसला न्हाई. तुम्ही असता तर बसला असता का?"

आम्ही घोंगडीची किंमत विचारली आणि विषय बदलला. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी होते, परंतु ते सांगण्यासारखे नव्हते. ते आज या पानावर सांगावयाचे ठरविले आहे. मात्र त्याआधी इमान या शब्दाचा थोडा विचार करू.

सज्जनहो, कुत्र्याचे चित्र तुम्हां-आम्हांस नवे नाही. आमच्या लहानपणी लग्नाच्या मांडवात कर्णा लावीत आणि तबकड्या वाजवीत. त्या तबकडीच्या मध्यभागी एक पांढरा, काळसर कानांचा कुत्रा असे. कर्ण्यासमोर मान कलती करून तो काही तरी ऐकत बसलेला. आम्ही पोरे गाणे ऐकण्यापेक्षा तो कुत्रा गरगर फिरताना पाहत असू. ती खूण 'हिज मास्टर्स व्हॉइस' या कंपनीची, म्हणजे 'धन्याचा आवाज'. याच छापाच्या तबकड्यांवरून लताबाईंनी गायिलेले तुकोबांचे अभंग घरोघर गेले, पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी गेली. जिथे कीर्तनकार पोहोचला नाही, तिथे हा कुत्रा संतांचा शब्द घेऊन पोहोचला. तेव्हा या मुक्या प्राण्याचे वारकऱ्यांवर उपकार आहेत.

हा कुत्रा कल्पनेतला नव्हता. त्याचे नाव निपर. १८८४ साली विलायतेत ब्रिस्टल येथे तो जन्मला. आल्यागेल्याच्या पोटरीला चावा घेण्याची त्याला खोड होती, म्हणून हे नाव पडले. त्याचा धनी १८८७ साली वारला आणि कुत्रा धन्याच्या भावाकडे आला. हा भाऊ, फ्रान्सिस बॅरॉड, चित्रकार होता. यंत्रातून येणारा आवाज हा कुत्रा कान टवकारून ऐकतो, हे त्याने पाहिले होते. पुढे लोक सांगू लागले की, यंत्रातून मेलेल्या धन्याचाच आवाज येत होता. ती कथा खरी असो वा रचलेली असो, चित्राच्या नावातून मात्र ती सुटत नाही. १८९५ साली कुत्रा मेला आणि चित्र त्यानंतर तीन वर्षांनी रंगविले गेले. पहिल्या चित्रात यंत्र निराळे होते, मेणाच्या नळकांड्याचे. ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली चित्र घेताना अट घातली की, ते यंत्र पुसून त्या जागी आमचे यंत्र काढा. चित्रकाराने तसे केले. पन्नास पौंड चित्राचे आणि पन्नास पौंड हक्काचे, असे शंभर पौंड मिळाले.

यातले मर्म ध्यानात घ्या. यंत्र बदलले, कुत्रा बदलला नाही. विकणाराने आपले यंत्र पुढे सरकविले, पण ऐकणाऱ्याच्या मानेचा तो कल त्याला बदलता आला नाही, आणि बदलायचाही नव्हता, कारण किंमत त्या कलाचीच होती. पुढे ती कंपनीही बदलली. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित करून जो व्यवसाय सुरू झाला, त्याच्या येथील कंपनीने २००० साली सारेगामा असे नाव धारण केले. तबकड्या गेल्या, फिती आल्या, त्याही गेल्या. तरी तो कुत्रा लोकांच्या डोळ्यांपुढे अजून तसाच बसलेला आहे.

दुसरा कुत्रा आमच्या नातवंडांच्या ओळखीचा. २००३ साली हच नावाच्या मोबाईल कंपनीने एक जाहिरात काढली. एक लहान मुलगा चालतो आहे आणि त्याच्या मागे मागे एक बसक्या नाकाचा, सुरकुतलेल्या तोंडाचा ठेंगणा कुत्रा चालतो आहे. मुलगा जाईल तिथे कुत्रा. तुम्ही जाल तिथे आमचे जाळे तुमच्या पाठीशी, असा त्याचा अर्थ. ही कल्पना लोकांच्या मनात इतकी भरली की, त्या पग जातीच्या कुत्र्याला गावोगाव 'हचचा कुत्रा' म्हणू लागले. हच कंपनी २००७ साली व्होडाफोन झाली, २०१८ साली आयडिया कंपनीशी एक झाली आणि २०२० साली 'वी' झाली. तुम्ही जाल तिथे पाठीशी राहू म्हणणाराचे नाव वीस वर्षांत तीनदा बदलले. यात कंपनीला आम्ही दोष देत नाही. व्यापार म्हटला की भागीदार बदलणार, नावे बदलणार. परंतु त्या जाहिरातीने आणखी एक झाले. लोकांनी तसले कुत्रे हौसेने विकत आणले. त्या जातीचे नाक मुळात इतके दबलेले की, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला धड श्वास घेता येत नाही. धाप लागते, डोळे दुखावतात. इमानाचे चित्र पाहून इमानी जीव घरी आणला आणि त्याचा खर्च, आजारपण पाहून त्याला रस्त्यावर सोडला, असेही प्रकार घडले. म्हणजे चित्रातल्या कुत्र्याने माणसाची पाठ सोडली नाही आणि माणसाने खऱ्या कुत्र्याची सोडली.

येथे वेदातील एक गोष्ट आठवते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा नावाच्या देवशुनीचा, म्हणजे देवांच्या कुत्रीचा, संवाद आहे. पणि नावाच्या लोकांनी गाई लपवून ठेविल्या होत्या. इंद्राची दूती म्हणून सरमा नदी ओलांडून त्यांच्याकडे गेली. पणींनी तिला लालूच दाखविली: तू आमची बहीण हो, परत जाऊ नकोस, गाईंतला वाटा तुला देतो. सरमेने ते नाते नाकारले. ती विकली गेली नाही. संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात ते तिच्यावरूनच. आता हे पणि कोण? यास्काचार्य पणि म्हणजे वणिक, व्यापारी, असा अर्थ करितात. ज्या धातूपासून पणि, त्याच धातूपासून आपण म्हणजे बाजार, पण्य म्हणजे विकावयाची वस्तू, आणि आजकाल ज्याला विपणन म्हणतात तो शब्दही त्याच धातूचा. गंमत पाहा! जी सरमा पणींना विकत मिळाली नाही, तिचे चित्र पणींनी डब्यावर लाविले. चित्र विकत मिळते. इमान विकत मिळत नाही, म्हणूनच त्याच्या चित्राला एवढे मोल येते.

आपल्या महाराष्ट्रातही कुत्र्याच्या इमानाला दगडात ठेविले आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचे स्मारक आहे. शिकारीत त्याने महाराजांना वाघापासून वाचविले, अशी कथा सांगतात. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीशेजारी वाघ्याचा पुतळा १९३६ साली उभारला. त्याला समकालीन कागदांचा आधार नाही, असे अनेक अभ्यासक म्हणतात आणि त्यावरून वाद झाले. २०१२ साली तो पुतळा काढला गेला आणि पुन्हा बसविला गेला. इतिहासाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. आम्हांस एवढेच दिसते की, धन्यासाठी कुत्र्याने काय केले याच्या कथा सर्वांना पाठ असतात. कुत्र्यासाठी धन्याने काय केले, अशी कथा विचारली की लोक आठवू लागतात.

तशी एक कथा महाभारताच्या सतराव्या, महाप्रास्थानिक पर्वात आहे. पांडव हिमालय चढत होते. द्रौपदी पडली, एकेक भाऊ पडला. शेवटी धर्मराज आणि हस्तिनापुरापासून मागे आलेला एक कुत्रा, एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, बैस, पण कुत्रा सोड. स्वर्गात कुत्रेवाल्यांना जागा नाही. धर्मराजाने जे उत्तर दिले, त्यात एक शब्द आहे, तो ऐकण्यासारखा आहे. त्या कुत्र्याला तो 'भक्त' म्हणतो. भक्ताचा त्याग हे अत्यंत पाप आहे, म्हणून स्वर्गसुखासाठी मी याला टाकणार नाही, असे तो म्हणतो. इंद्र म्हणाला, भाऊ टाकलेस, बायको टाकलीस, मग कुत्र्याचाच एवढा मोह का? धर्मराज म्हणाला, ते मेल्यावर मी त्यांना सोडले, जिवंतपणी नाही. हा जिवंत आहे. आळंदीस पाठशाळेत आमच्या गुरुजींनी हे स्थळ शिकविताना पोथी मिटली आणि म्हणाले, "पोरांनो, जो शब्द कुत्र्याला लावला आहे, तोच तुम्ही स्वतःला लावता. जपून लावा."

तर आता आमची गोष्ट.

आठ-दहा वर्षांपूर्वी आमची दिंडी म्हशाहून निघाली. मुरबाड करून टोकावड्याला मुक्काम पडला. सकाळी निघालो तर एक काळा-पांढरा गावठी कुत्रा मागे. दोन दगड मारले, तरी मागेच. माळशेज घाट आमच्याबरोबर चढला. ओतूरला तो परत जाईल म्हणालो, गेला नाही. दिंडीत एक म्हातारी माय होती. तिने त्याला आपल्या भाकरीतली चतकोर द्यावयास सुरुवात केली आणि बाळ्या असे नाव ठेविले. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर बाळ्या चालला. रात्री सामानाच्या गाडीखाली निजे. अनोळखी माणूस पिशव्यांजवळ आला की गुरगुरे. जेजुरीस तर त्याचा मानच वाढला. खंडोबाच्या परिवारात घोड्याबरोबर कुत्राही असतो, म्हणून कोणी त्याच्या कपाळी भंडारा लाविला. पिवळ्या कपाळाचा बाळ्या पंढरपुरापर्यंत आला. टाळ वाजू लागले की कडेला बसे आणि मान कलती करून ऐके. अगदी त्या तबकडीवरच्यासारखा. वाटेत एका मुक्कामी आमचे कीर्तन झाले. त्यात आम्ही धर्मराजाची हीच कथा लाविली आणि बाळ्याकडे बोट दाखवून म्हणालो, "हा पाहा आमचा धर्म!" मंडळी फार खूष झाली.

काला झाला. परतीस ट्रक ठरविला होता. चाळीस माणसे, सामान, वीणा, पखवाज. चालक म्हणाला, "महाराज, कुत्रा घेणार नाही. घाण करतो." आम्ही पुढे त्याच्या शेजारी बसलो होतो. उतरून दोन शब्द बोललो असतो तर तो ऐकला असता, नाही ऐकला असता तर पन्नास-शंभर रुपये जास्त दिले असते. आम्ही उतरलो नाही. रात्र होईल, माणसे थकली आहेत, पंढरपुरात कुत्र्याला काय कमी, असे मनाशी म्हणालो. गाडी सुरू झाली. मागून मायने फळ्या बडविल्या. आम्ही ऐकले, आणि न ऐकल्यासारखे केले. बाजूच्या आरशात बाळ्या धावताना दिसत होता. गावाबाहेर पहिल्या वळणापर्यंत दिसला. मग दिसला नाही.

सज्जनहो, इंद्राने रथ आणला होता, आमचा भाड्याचा ट्रक होता. धर्मराजाला स्वर्ग मिळत होता, आम्हांला फक्त घरी लवकर पोहोचायचे होते. तेवढ्यासाठी आम्ही रथात बसलो.

माय वाटेत एक शब्द बोलली नाही. पुढल्या वर्षी पंढरपुरास गेलो, तेव्हा ती फडक्यात भाकरी बांधून वाळवंटात, महाद्वारात, नामदेव पायरीजवळ हिंडली. प्रत्येक काळ्या-पांढऱ्या कुत्र्याला तिने हाक मारून पाहिली. बाळ्या मिळाला नाही. भाकरी दुसऱ्या कुत्र्याने खाल्ली. ज्या पायरीपाशी ती बसली, ती नामदेवांची. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावणाऱ्या नामदेवांची. कुत्रा पुढे आणि संत मागे, ही आपल्या संप्रदायाची रीत. आम्ही ती उलटी केली. कुत्रा मागे धावला आणि आम्ही पुढे निघून गेलो. माय आता नाही. तिला आम्ही चूक कबूल करून दाखविली नाही, हे दुसरे ओझे.

आता माळेविषयी. व्यापारी आपल्या मालावर छाप लावितो. छाप पाहून गिऱ्हाईक विश्वास ठेवितो. माल खोटा निघाला तर छाप बुडते. तुळशीची माळ आणि गोपीचंदनाची मुद्रा ही आपली छाप नव्हे काय? ती पाहून लोक आपल्याला पाणी देतात, ओसरी देतात, पायांवर डोके ठेवितात. बाळ्यानेही कदाचित तेच पाहिले असेल. ही माणसे चालतात, गातात, भाकरी देतात, यांच्या मागे जावे. त्याने छाप ओळखली. माल आमचा खोटा निघाला. तबकडीवर कुत्र्याचे खोटे चित्र लाविणाऱ्याने कोणाचे नुकसान केले नाही. खऱ्या कुत्र्याला खोटी माळ दाखविणाऱ्याने केले.

आपण म्हणतो, आम्ही विठ्ठलाच्या दारीचे कुत्रे. म्हणण्यास गोड आहे. पण त्याचा अर्थ असा की, देवाने आपल्याला टाकू नये असे आपल्याला वाटते. युगे युगे विटेवर उभा राहिलेला तो देव भक्ताला सोडून रथात बसत नाही, हाच आपला भरवसा. मग जो आपल्या भरवशावर मागे आला, त्याला आपण सोडावे, आणि देवाने मात्र आपल्याला सोडू नये, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? इमान दोहींकडून लागते. एकीकडचे इमान ही नुसती चाकरी झाली.

माउलींनी समाधी घेतली त्याला सातशे वर्षे होऊन गेली. धनी दिसत नाही. आवाज मात्र अजून येतो, ज्ञानेश्वरीतून येतो, वाळवंटात टाळांतून येतो. आपण त्या निपरसारखे मान कलती करून ऐकतो, हे चांगलेच आहे. परंतु ऐकून उठावयाचे असते. धन्याची हाक कधी कर्ण्यातून येते, कधी मागून फळ्या बडविल्याच्या आवाजात येते. आम्ही कर्ण्यातली ऐकली, फळीवरची ऐकली नाही.

त्या वर्षापासून आमच्या दिंडीत काही साधे नियम केले आहेत. इतर दिंड्यांनी विचार करावा म्हणून लिहितो. पहिला, गावचा कुत्रा मागे लागला तर वेशीबाहेर त्याला भाकरी घालू नये; खाऊ घालणे त्याच्याच गावात करावे, म्हणजे तो गाव सोडत नाही. दुसरा, तरीही तो आलाच आणि मुक्काम ओलांडला, तर तो दिंडीचा झाला. परतीच्या गाडीचे भाडे ठरवितानाच त्याची जागा ठरवावी, आणि चालकाने नाही म्हटले तर दुसरी गाडी पाहावी. तिसरा, त्याला पशुवैद्याकडून पिसाळी रोगाची लस टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच तर हळद-चुना न लाविता जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी, कारण त्या रोगाला नंतर औषध नाही. भूतदया आणि सावधगिरी यांचे भांडण नाही. चौथा, जाहिरात पाहून कुत्रा विकत आणू नये. दारात बसलेल्याला आधी पाहावे.

यंदा म्हशाच्या यात्रेत पुन्हा कीर्तन आहे. धनगरबाबा आले असतील तर त्यांच्या पालावर जाऊन बसणार आहोत आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देणार आहोत. बाबा, तुम्ही विचारले होते, तुम्ही असता तर रथात बसला असता का? बसलो होतो. कथा त्यानंतरही सांगत आलो, परंतु आता कुत्र्याकडे बोट दाखवीत नाही, स्वतःकडे दाखवितो.

वाचकहो, तुमच्याही मागे कोणी तरी येत असेल. कुत्रा असेल, म्हातारे आईबाप असतील, घरचा जुना गडी असेल. रथ येईल तेव्हा एकदा आरशात पाहा आणि गाडी थांबवा. रामकृष्ण हरी.